न खाणाऱ्या सापाचा इतिहास

१/ कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून उचगाव आहे. शहर वाढत वाढत या गावाला येऊन भिडले, तरी भोवतालची उसाची शेते, त्यांतले उंदीर आणि उंदरांमागे येणारे साप अजून आहेत. गावाजवळून जाणारा हा रस्ता उत्तरेकडे पेठ नाक्याला पोहोचला की बत्तीस शिराळ्याला फाटा फुटतो. पुढे पुण्याच्या वेशीवर कात्रज येते. दक्षिणेकडे गेले की चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीची वाट धरता येते. महाराष्ट्रात माणसाने सापाला आपल्या हाताने खाऊ घालण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतली तीन महत्त्वाची ठिकाणे अशी या एका रस्त्याच्या आधाराने जोडली जातात.

२/ या धाग्याचा प्रश्न वरवर पाहता अगदी आजचा आहे. काचेच्या पेटीत बोआचे पिल्लू आहे, पुढ्यात उंदीर ठेवला आहे आणि पिल्लू तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसते. एक आठवडा जातो, दुसरा जातो, आणि पाळणाऱ्याची झोप उडते. परंतु बंदिवासातील साप अन्न नाकारतो तेव्हा काय करावे, हा प्रश्न काचेच्या पेट्यांहून कितीतरी जुना आहे. त्याची उत्तरे धर्माने दिली, गारुड्याने दिली, सरकारने दिली, प्रयोगशाळेने दिली. त्यांतली बहुतेक चुकली. ती का चुकली, हे समजून घेतले की आजच्या पिल्लाचे कोडेही बऱ्याच अंशी सुटते.

३/ सुरुवात ‘बोआ’ या नावापासूनच करावी लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात इटलीतील ‘बोआ’ नावाच्या मोठ्या सापांचा उल्लेख केला आहे. हे साप लहानपणी गाईचे दूध पिऊन वाढतात आणि गाईसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच त्यांना हे नाव मिळाले, असे तो सांगतो. प्लिनीच्या मनातला साप आणि अमेरिका खंडातला आजचा बोआ यांचा काही संबंध नाही. अठराव्या शतकात लिनियसने सापांचे वर्गीकरण करताना जुने नाव उचलले आणि ते नव्या प्राण्याला चिकटले. सापाच्या आहाराविषयीचा एक गैरसमज अशा रीतीने शास्त्रीय नावात कायमचा कोरला गेला.

४/ महाराष्ट्रातील वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. धामण गोठ्यात शिरते, गाईच्या मागच्या पायांना वेटोळे घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते, असे खेड्यापाड्यांत आजही सांगितले जाते. धामण गोठ्यात येते हे खरे, पण ती येते ती वैरणीखाली लपलेल्या उंदरांसाठी. सापाच्या जबड्यात आत वळलेल्या अणकुचीदार दातांच्या रांगा असतात आणि ओठ चोखण्याच्या कामाचे नसतात. असे तोंड सडाला लागले तर गाय शांत उभी राहणार नाही. रोम आणि करवीर यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोन्हीकडच्या माणसांनी सापाला आपल्या आवडीचे अन्न देऊ केले.

५/ या कल्पनेला सर्वांत ठळक विधीरूप मिळाले ते सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात. गोरक्षनाथ भिक्षा मागण्यासाठी एका घरी आले असता घरातील स्त्री मातीच्या नागाची पूजा करत होती. जिवंत नाग पुजशील का, असे त्यांनी विचारले आणि तेव्हापासून येथे जिवंत नागाची पूजा सुरू झाली, अशी आख्यायिका आहे. श्रावणातील नागपंचमीपूर्वी गावातील मंडळे शेतशिवारातून नाग पकडून आणत, मडक्यांत ठेवत, पंचमीला मिरवत आणि नंतर पुन्हा सोडून देत. नाग पकडणाऱ्यांचे कौशल्य निर्विवाद होते. नागाविषयी गावाला वाटणारी आपुलकीही खरी होती.

६/ महाराष्ट्रभर नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवली जाते, आणि पुष्कळदा नाग ते पितानाही दिसतो. डोळ्यांनी पाहिलेला हा पुरावा खोडून काढणे म्हणूनच कठीण गेले. त्याचे स्पष्टीकरण तहानेत आहे. कित्येक दिवस पाण्याविना टोपलीत कोंडलेला साप समोर येईल तो द्रव पितो, मग ते पाणी असो वा दूध. दूध पचवण्याची सोय सस्तन प्राण्यांच्या पिल्लांत असते, सापाच्या शरीरात नसते. त्यामुळे असा साप नंतर आजारी पडतो, अनेकदा मरतोही. मात्र तोवर त्याला सोडून दिलेले असते, आणि त्याचे मरण दूध पाजणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

७/ गारुड्याच्या टोपलीतील सापाची गोष्ट याहून कठोर होती. दंशाचा धोका नको म्हणून अनेक गारुडी विषदंत उपटत, काही वेळा तोंडही शिवून टाकत. जखम चिघळे आणि साप भक्ष्य पकडू शकत नसे. तो काही आठवडे उपाशी राही आणि मरे, मग गारुडी दुसरा पकडे. या व्यवसायात सापाने खावे ही गरजच नव्हती, कारण उपाशी साप जितके दिवस जगे तितके दिवस खेळाला पुरेसे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्रथेला बंदी आली. शिराळ्यातील नाग पकडण्याच्या प्रथेबाबत २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्याची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले.

८/ एकोणिसाव्या शतकातील सरकारचा दृष्टिकोन निराळा होता. त्याला साप मेलेलाच हवा होता. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा उपद्रव मोठा असल्याने प्रत्येक मेलेल्या फुरशामागे बक्षीस ठेवण्यात आले. १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवून दोन आणे केली, तेव्हा अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरसे मारून आणल्याची सरकारी नोंद आहे. एवढे साप सरकारच्या हाताखालून गेले, पण जिवंत फुरसे काय खाते, किती दिवसांनी खाते आणि कोणत्या ऋतूत खात नाही, हे या मोजदादीतून कोणाला कळले नाही.

९/ ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबईत सुरू झाले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. या संस्थेच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टराने १९०५ पासून पुढे अनेक वर्षे भारतातील सामान्य सापांवर लेखमाला लिहिली. वॉलची पद्धत साधी होती. हाती आलेल्या मेलेल्या सापाचे पोट तो उघडून पाही आणि आत काय सापडले ते लिहून ठेवी. बेडूक, सरडा, उंदीर, दुसरा साप, अशा नोंदी साठत गेल्या आणि कोणता साप काय खातो हे प्रथमच पद्धतशीरपणे समोर आले.

१०/ पाळलेल्या सापाला खाऊ घालण्याच्या शास्त्राचा पाया या नोंदींत आहे. जंगलात बेडूक खाणाऱ्या सापापुढे उंदीर ठेवला तर तो नाकारणार, आणि पाळणारा त्याला हट्टी ठरवणार. दिवड मासे आणि बेडूक खातो, मण्यार मुख्यतः दुसरे साप खाते, मांडूळ उंदीर-घुशींच्या बिळांत शिरते. ‘साप खात नाही’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणता साप, काय दिले असता, केव्हा खात नाही, हे सांगितल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ येत नाही.

११/ जिवंत साप दीर्घकाळ सांभाळण्याची खरी निकड निर्माण झाली ती परळमध्ये. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांच्या लसीसाठी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे येथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरील प्रतिविष तयार होऊ लागले. ते बनवण्यासाठी घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातील प्रतिकारद्रव्य घेतले जाते. घोड्याला विष हवे, विषासाठी जिवंत साप हवा, आणि जिवंत सापासाठी अन्न हवे. सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याचा जीव अशा रीतीने परळमधल्या सापाच्या भुकेशी जोडला गेला.

१२/ हाफकिन संस्थेत सापांवर दीर्घकाळ काम करणारे डॉ. पी. जे. देवरस यांनी तेथील सर्पालयातील सापांच्या विषाच्या उत्पन्नाचा अभ्यास केला. भारतीय सापांवरील त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आणि सामान्य वाचकापर्यंत सापांची विश्वसनीय माहिती पोहोचली. सर्पालय चालवणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण भेडसावते. पकडताना दुखावलेला, प्रवासात हेलकावे खाल्लेला आणि अनोळखी जागी सोडलेला साप बरेचदा अन्नाला शिवत नाही. न खाणाऱ्या सापाची शक्ती ओसरते, आणि त्याबरोबर त्याच्याकडून मिळणारे विषही घटते.

१३/ या अडचणीवर एक अनपेक्षित उत्तर १९७८ मध्ये तामिळनाडूत निघाले. चेन्नईजवळ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळा या पारंपरिक सर्पधारकांची सहकारी संस्था उभी राहिली. तेथे साप तीन-चार आठवडे मडक्यांत ठेवतात, ठरावीक दिवसांनी विष काढतात आणि सापाला परत सोडून देतात. साप काही आठवडे अन्नाविना सहज राहू शकतो, या गोष्टीचा येथे उपयोग करून घेतला आहे. मडके शिराळ्यातही होते. इरुळांच्या मडक्याला मात्र दिवसांची मर्यादा होती, आणि ती सापाच्या शरीराकडे पाहून घातलेली होती.

१४/ सापाचा उपवास समजून घेण्यात युरोपातील प्राणिसंग्रहालयांचाही वाटा आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते, असे भारतातील निरीक्षणावरून एका फ्रेंच प्रवाशाने पॅरिसमध्ये सांगितले, तेव्हा विद्वानांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. १८४१ मध्ये पॅरिसच्याच संग्रहालयातील मादीने अंडी घातली. प्राणिशास्त्रज्ञ वालांसिएन यांनी तापमापक लावून पाहिले आणि ती ऊब खरी ठरली. जवळजवळ दोन महिने ती मादी अंड्यांवरून हलली नाही. या काळात तिने खाल्ले नाही, फक्त पाणी प्यायली. तिच्या न खाण्यात आजार नव्हता, प्रयोजन होते.

१५/ लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सापांसाठी स्वतंत्र इमारत उघडली. सापाला जिवंत भक्ष्य द्यावे की मेलेले, आणि ते लोकांसमोर द्यावे काय, हा वाद तेथे पुढे वर्तमानपत्रांपर्यंत गेला. १८९४ मध्ये याच संग्रहालयात एका पिंजऱ्यातील दोन बोआंनी एकच कबुतर दोन बाजूंनी धरले आणि मोठ्या बोआने कबुतरासह दुसऱ्या बोआलाही गिळून टाकले. दोन सापांना एकत्र खाऊ घालू नये, हा आज प्रत्येक पाळणाऱ्याला सांगितला जाणारा नियम अशा घटनांतून रुजला.

१६/ साप इतके दिवस उपाशी कसा राहू शकतो, याचा उलगडा १९९० च्या दशकात स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांच्या अजगरांवरील संशोधनातून झाला. मोठे भक्ष्य गिळल्यावर अजगराच्या शरीराचा ऊर्जाव्यय चाळीस पटींहूनही अधिक वाढू शकतो आणि आतड्याचे वजन दुपटीच्या घरात जाते. पचन संपले की हे सारे पुन्हा आकसते. माणसाची चूल रोज पेटते, तर दबा धरून शिकार करणाऱ्या सापाची चूल बहुतेक काळ विझलेली असते आणि ती पेटवायला त्याला मोठा खर्च येतो. अंगात पुरेशी उष्णता नसेल, किंवा भोवती धोका जाणवत असेल, तर तो हा खर्च करायला धजत नाही.

१७/ महाराष्ट्रात हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर आणण्याचे काम पुण्यात झाले. १९८० च्या जानेवारीत नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. त्यांच्याच पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले. विक्रम तीन दिवसांत संपला. सर्पोद्यानाचे काम मात्र रोजचे होते. अनेक जातींच्या सापांना, प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे, वर्षानुवर्षे जगवायचे होते. प्रेक्षकाला साप दिसावा आणि सापाला लपता यावे, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ प्रत्येक सर्पोद्यानाला घालावा लागतो.

१८/ कोल्हापूर जिल्ह्याने मात्र याच्याही आधी स्वतःची वाट काढली होती. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे १९६० च्या दशकात बाबुराव टक्केकर या शिक्षकाने मामासाहेब लाड विद्यालयात सर्पशाळा सुरू केली. एका दूरच्या खेड्यातील शाळेत मुले साप ओळखायला, त्यांच्याविषयी बोलायला आणि भीतीऐवजी माहिती बाळगायला शिकली. नागपंचमीला येथे लोक साप पाहायला आणि ऐकायला येत. शिराळा आणि ढोलगरवाडी ही दोन्ही गावे नागपंचमीसाठी नावाजली. एका गावात साप पुजला जाई, दुसऱ्यात तो शिकवला जाई.

१९/ बोआचा विषय परदेशी वाटत असला तरी बोआच्या गोतावळ्यातला एक साप कोल्हापूरच्या मातीतच राहतो. तो म्हणजे मांडूळ. जाड, तपकिरी, बोथट शेपटीचे मांडूळ भुसभुशीत जमिनीत राहते, उंदरांवर जगते आणि अमेरिकी बोआप्रमाणेच अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून त्याला दुतोंड्या म्हटले गेले. गुप्तधन, औषध, नशीब यांविषयीच्या अफवा त्याच्याभोवती जमल्या आणि त्यांतून चोरटा व्यापार उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्रात मांडुळाच्या तस्करीतील अटकेच्या बातम्या सतत येत असतात.

२०/ या व्यापारात मांडुळाची किंमत वजनावर ठरते, म्हणून ते डब्यात किंवा पोत्यात महिनोन्महिने कोंडून जबरदस्तीने भरवले जाते. मातीत शिरण्याची सवय असलेल्या या सापाला उघड्यावर ठेवले की तो भेदरतो आणि खाणे सोडतो. मग बळजबरी होते, जबडा दुखावतो, आणि अन्न उलटून पडते. दूध पाजणाऱ्याचा हेतू निदान भक्तीचा होता. येथे तोही नाही. मांडुळासह कोणताही भारतीय साप घरात बाळगणे कायद्याने गुन्हा आहे, मग बाळगणाऱ्याचे सापावर कितीही प्रेम असो.

२१/ परदेशी बोआची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहे. तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा विदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली, वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती केली आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली. खरेदी, जन्म, मृत्यू, हस्तांतर या साऱ्यांची नोंद आता परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. बोआ घरी आणणाऱ्याची पहिली जबाबदारी ही कागदपत्रे होत. दुसरी जबाबदारी पिल्लाच्या जेवणाची, आणि वरचा सारा इतिहास तिथे कामी येतो.

२२/ बोआचे पिल्लू न खाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थंडी हे असते. हा साप मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला आहे. त्याच्या पेटीचे एक टोक ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २६-२७ अंशांच्या आसपास असावे लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. कोल्हापूर परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. दिवसा उबदार वाटणारी खोली पहाटे सापाच्या दृष्टीने गारठलेली असते. अशा वेळी पोटात गेलेला उंदीर पचण्याआधी सडू शकतो, म्हणून साप तो घेतच नाही. तापमापक आणि तापमान स्थिर ठेवणारे नियंत्रक यंत्र हाताशी नसेल, तर बाकीचे उपाय व्यर्थ जातात.

२३/ दुसरे कारण भीती. जन्मतः हातभर लांबीचे पिल्लू रानात पक्ष्यांसारख्या कोणाचेही भक्ष्य होऊ शकते. उघड्या काचेत त्याला चारही बाजूंनी हालचाल दिसते. अंग जेमतेम मावेल एवढी लपण्याची जागा उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक, अशी दोन ठिकाणी द्यावी. नवे पिल्लू घरी आल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नये, अन्नही देऊ नये, फक्त स्वच्छ पाणी द्यावे. प्रत्येक पाहुण्याला साप दाखवण्याची हौस या दिवसांत आवरावी लागते. मांडूळ मातीत शिरून जे मिळवते, तेच बोआच्या पिल्लाला त्या छोट्या खोक्यात मिळते.

२४/ तिसरे कारण खुद्द जेवण. भक्ष्याची जाडी पिल्लाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित कमी असावी. जिवंत उंदीर पेटीत सोडून देणे धोक्याचे, कारण न खाल्लेला उंदीर रात्रीत सापालाच कुरतडतो. गोठवलेला उंदीर आधी पूर्ण वितळवावा, मग कोमट पाण्याने त्याला जिवंत शरीराची ऊब आणावी आणि लांब चिमट्याने पुढे करावा. बोआच्या ओठांवरच्या खवल्यांना उष्णता जाणवते आणि जिभेने टिपलेला गंध टाळूतील जेकबसन इंद्रियात पोहोचतो. गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. वेळ संध्याकाळनंतरची, दिवे मंद केलेली असावी. तरीही त्याने घेतला नाही, तर उंदीर लपण्याच्या जागेजवळ ठेवून रात्रभर पेटी झाकून टाकावी.

२५/ चौथे कारण पाळणाऱ्याची घाई. नाकारल्यानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा उंदीर पुढे करणे, तोही नाकारला की वेगळा आणणे, मग साप हातात घेऊन तपासणे, याने पिल्लाची भीती वाढत जाते. नकारानंतर सात ते दहा दिवस थांबावे. कात टाकण्याआधी डोळे दुधी होतात, तेव्हा न खाणे स्वाभाविक आहे. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस त्याला हाताळू नये, नाहीतर ते उलटून टाकण्याची शक्यता असते, आणि तसे झाले तर दोन आठवड्यांची विश्रांती देऊन आधीपेक्षा लहान भक्ष्याने पुन्हा सुरुवात करावी. सुरळीत खाणाऱ्या पिल्लालाही दहा ते चौदा दिवसांतून एकदाच जेवण पुरते. रोजच्या तीन जेवणांवर वाढलेल्या माणसाला हे अंतर क्रूर वाटते, पण ते सापाच्या शरीराचे वेळापत्रक आहे.

२६/ प्रत्येक नकार निरुपद्रवी असतो असेही नाही. वजन दहाव्या हिश्श्याहून अधिक घटले, तोंडात चिकट स्राव दिसला, श्वास उघड्या तोंडाने चालला, खवल्यांत गोचिडी आढळल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटी झाली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. जबडा उघडून भरवणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो वैद्याच्याच हातचा आहे. घरी केलेल्या बळजबरीने पिल्लाचे दात मोडतात, घसा सोलवटतो, आणि अन्नाशी भीतीची गाठ पक्की बसते.

२७/ या उपायांत कोणतीही युक्ती किंवा गुपित नाही. त्यासाठी लागते ती साध्या वजनकाट्याची आणि एका वहीची. तारीख, पेटीचे तापमान, पिल्लाचे वजन, काय दिले, किती वाजता दिले, घेतले की नाही, कात केव्हा टाकली, एवढे रकाने पुरतात. दोन-तीन महिन्यांत त्या रकान्यांतून कारण आपोआप दिसू लागते. थंडीच्या रात्रींचे नकार एकत्र येतात, हाताळल्यानंतरचे नकार एकत्र येतात. वॉलने मेलेल्या सापांच्या पोटांवरून जे मांडले, तेच येथे जिवंत सापाला न दुखावता मांडता येते.

२८/ शिराळ्याच्या शिवारापासून परळच्या सर्पालयापर्यंत माणसांनी सापाला पुष्कळ दिले. दूध दिले, टोपली दिली, मरणाचे दोन आणे दिले, तशीच शाळा आणि सर्पोद्यानही दिले. त्यातले टिकले ते एवढेच, जे सापाकडे पाहून ठरवले होते. उचगावसारख्या गावांच्या वाढत्या वस्तीत आता शेतातला साप घराच्या उंबऱ्यापाशी येतो, आणि एखाद्या घरात दूरदेशीचा सापही पाळला जातो. पहिल्यासाठी सर्पमित्राला बोलवावे लागते. दुसऱ्यासाठी, त्याने तोंड फिरवले की, आधी तापमापक पाहावा लागतो.